बाळकाकाच्या नोंदी शोधताना : आजीच्या पेटीपासून दिल्लीपर्यंत

१९६५च्या युद्धात माझा सख्खा काका गेला. माझा जन्म १९६८चा, त्यामुळे तो मला माहीत आहे तो ऐकूनच. बाबांचा तो धाकटा भाऊ. बाबा त्याला बाळ्या म्हणायचे, आम्ही भावंडं बाळकाका. तेविसाव्या वर्षीच गेल्यामुळे त्याला अहो-जाहो करायची वेळ कुणावर आलीच नाही. आज माझा मुलगा वयाने त्याच्यापेक्षा मोठा आहे आणि तोही 'बाळकाका असा होता' असं एकेरीतच बोलतो.

आमच्या इंदूरच्या घरात त्याच्याबद्दल पक्कं मानलेलं होतं ते इतकंच: तो कॅप्टन होता, सियालकोटच्या बाजूला लढत होता, तोफगोळा लागून जागच्या जागी गेला, आणि तार पितृपक्षात आली. आजी १९९४ साली गेली. ती होती तोवर याहून जास्त विचारायची कुणाची छाती झाली नाही, आणि ती गेल्यावर आता विचारायला कुणी उरलं नाही असं आम्ही धरून चाललो.

गेल्या दोनेक वर्षांत त्याच्या बहुतेक नोंदी मिळाल्या. ओळखीच्या एक-दोन घरांतून 'आमचाही मामा एकाहत्तरला गेला, सुरुवात कुठून करायची?' अशी विचारणा झाली, म्हणून जसं घडलं तसं लिहिते. मी सैन्याशी संबंधित नाही, वकीलही नाही. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली बाई आहे.

निमित्त बाबांचं. डिसेंबर २०२३मध्ये त्यांच्या दुसऱ्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. पट्टी निघाल्यावर ते पेपर अथपासून इतिपर्यंत वाचायला लागले. त्यात दिल्लीच्या राष्ट्रीय समर स्मारकाबद्दल काहीतरी आलं होतं. इंडिया गेटजवळचं हे स्मारक २५ फेब्रुवारी २०१९ला खुलं झालं आणि स्वातंत्र्यानंतर कामी आलेल्या पंचवीस हजारांहून जास्त सैनिकांची नावं तिथे दगडावर कोरलेली आहेत. बाबांनी पेपर खाली ठेवला आणि म्हणाले, "बाळ्याचं नाव असेल का गं तिथे?"

स्मारकाच्या संकेतस्थळावर नाव शोधता येतं. आमचं आडनाव इंग्रजीत दोन-तीन तऱ्हांनी लिहिलं जातं, तेव्हा स्पेलिंग बदलत बसले. शेवटी एक नोंद जुळली: नाव तेच, साल १९६५. पण हुद्दा सेकंड लेफ्टनंट. बाबांनी चष्मा वर करून बघितलं आणि निकाल दिला, "हा आपला नाही. आपला कॅप्टन होता." आता आपला कोणता हे ठरवायला हवा होता सैनिकाचा क्रमांक, आणि तो घरात कुणालाच माहीत नव्हता.

हीच पहिली सूचना. सैन्यातल्या माणसाचा शोध नावाने होत नाही, क्रमांकाने होतो. अधिकाऱ्यांच्या क्रमांकाआधी इंग्रजी अक्षरं असतात: कायमस्वरूपी कमिशनला आयसी, शॉर्ट सर्व्हिसला एसएस आणि १९६२च्या चीन युद्धानंतर घाईने जी भरती झाली त्या इमर्जन्सी कमिशनला ईसी. बाळकाका १९६३ साली कॉलेज अर्धवट टाकून मद्रासच्या ऑफिसर्स ट्रेनिंग स्कूलला गेला एवढं बाबांना आठवत होतं. म्हणजे ईसी असणार, असा माझा तर्क.

आजीची पत्र्याची पेटी आत्याकडे होती. आत्या ग्वाल्हेरला, लष्कर नावाच्या भागात राहते, वय अठ्ठ्याहत्तर. जानेवारी २०२४च्या कडाक्याच्या थंडीत मी तिच्याकडे जाऊन राहिले. पेटी उघडायला तिने पहिले दोन दिवस टाळाटाळ केली. आधी म्हणे किल्ली सापडत नाही, मग म्हणे आज अमावास्या. तिसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच अंगणात उन्हात पेटी ओढून बसली.

आत पत्रं होती, निळी इनलँड. पाठवणाऱ्याच्या पत्त्यात गावाचं नाव कुठेच नाही. पलटणीचं नाव आणि खाली 'मार्फत ५६ एपीओ'. शिक्क्यावरही फील्ड पोस्ट ऑफिसचा नुसता आकडा. बातमी फुटू नये म्हणून तशीच व्यवस्था असते, त्यामुळे अशा पत्रांवरून माणूस कुठे होता ते कळत नाही. पण पलटणीचं नाव नक्की कळतं, आणि ते फार मोलाचं. तार होती, घडीवर फाटलेली. कमांडिंग ऑफिसरचं टाइप केलेलं इंग्रजी पत्र होतं. अलाहाबादच्या लेखा कार्यालयाचा, आजीच्या नावाचा पेन्शनचा कागद होता. आणि एक यादी होती, तिने मला तिथेच थांबवलं. अधिकारी गेला की त्याचं सामान आणि हिशेब मिटवायला पलटणीत एक समिती बसते, तिने केलेली ती यादी: स्वेटर दोन, बूट जोड एक, मनगटी घड्याळ एक (बंद), मराठी पुस्तकं तीन, माउथ ऑर्गन एक. खाली हिशेब. पगाराची बाकी, त्यातून मेसचं बिल वजा, उरलेली रक्कम आईला मनीऑर्डरने. मेसचं बिल वजा झालेलं वाचून मला आधी रागच आला. मग वाटलं, बरं झालं, कुणाचं देणं ठेवून गेला नाही.

तळाशी सरकारी शिक्क्याचं एक पाकीट होतं, न फोडलेलं. आजीने ते घेतलं, सही केली आणि तसंच ठेवून दिलं. आत्याने ते माझ्या हातात दिलं आणि स्वतः आत निघून गेली. आत दोन पदकं निघाली, समर सेवा स्टार आणि रक्षा पदक. १९६५च्या लढाईत असलेल्यांना ती मिळाली होती. तुमच्या घरात पदक असेल तर त्याची कड भिंगातून बघा. रक्षा पदकाच्या गोल कडेवर बारीक अक्षरांत क्रमांक, हुद्दा आणि नाव ठोकलेलं होतं. क्रमांक ईसीनेच सुरू होत होता आणि संकेतस्थळावरच्या नोंदीशी जुळत होता. हुद्दा सेकंड लेफ्टनंट. आत्याला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "पदक घडवणाऱ्याने चुकीचं लिहिलं असेल. कॅप्टनच होता तो."

कागदांबाबत एक सांगते. आमच्या नात्यातल्या एकाने हौसेने असाच जुना कागद लॅमिनेट केला, तो आता पिवळा पडून प्लॅस्टिकला चिकटला आहे. लॅमिनेट करू नका. दिवसाच्या उजेडात दोन्ही बाजूंचे फोटो काढा, मूळ कागद घडी उलगडून सपाट ठेवा आणि बाहेर फक्त छायाप्रती फिरवा.

इंदूरला परतल्यावर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात गेले. माजी सैनिकांची आणि त्यांच्या कुटुंबांची कामं बघणारं हे कार्यालय बहुतेक जिल्ह्यांत असतं. तिथल्या एका निवृत्त सुभेदारसाहेबांनी चहा पाजून मला अर्ध्या तासात जे समजावलं त्याने पुढचे कित्येक महिने वाचले. जवान, नाईक, हवालदार आणि सुभेदारांपर्यंतच्या नोंदी ज्या त्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसात असतात: मराठा लाइट इन्फंट्रीच्या बेळगावला, महार रेजिमेंटच्या सागरला, ग्रेनेडियर्सच्या जबलपूरला, तोफखान्याच्या नाशिक रोडला, रणगाडा दलाच्या अहिल्यानगरला. अधिकाऱ्यांचं तसं नाही, त्यांचे कागद दिल्लीला सेना मुख्यालयात. म्हणजे तुमचा माणूस हवालदार असेल तर दिल्लीला लिहून उपयोग नाही, आणि लेफ्टनंट असेल तर बेळगावला लिहून. अर्जात 'शहीद' लिहू नका, असंही त्यांनी बजावलं. कार्यालयात फाइल निघते ती 'बॅटल कॅज्युअल्टी' या नावाने.

१२ फेब्रुवारी २०२४ला माहितीच्या अधिकारात केंद्राच्या ऑनलाइन पोर्टलवर अर्ज केला. शुल्क दहा रुपये. पोस्टानेही करता येतो, तेव्हा दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर जोडायची. अर्ज पाचशे शब्दांच्या आत बसवायचा असतो. माझ्या पहिल्या खर्ड्यात अर्धं पान बाबांच्या भावनांचं होतं, ते माझ्या मुलाने खोडलं. 'माझ्या काकांबद्दल सर्व माहिती द्यावी' असंही लिहून चालत नाही. नेमके प्रश्न विचारले: कमिशनची तारीख, त्या वेळची पलटण, मृत्यूची नोंदलेली तारीख आणि ठिकाण, जवळचा नातेवाईक म्हणून कुणाचं नाव नोंदलं होतं, कोणती पदकं देय होती.

तीस दिवसांच्या मुदतीत उत्तर आलं, पण ते असं की माहिती त्रयस्थ व्यक्तीची आहे, नातं सिद्ध करा. इथे पुष्कळ लोक सोडून देतात. सोडू नका. वीस वर्षांहून जुन्या घटनेची माहिती नाकारायची बहुतेक कारणं कायद्याच्या कलम ८(३)नुसार गळून पडतात. गरज लागली तर तीस दिवसांत पहिलं अपील करून हे कलम मांडता येतं. मला अपिलाची वेळ आली नाही, कारण नातं सिद्ध करणं हे भांडण्यापेक्षा सोपं वाटलं. सोपं म्हणजे वेळखाऊ, पण सरळ.

काका अविवाहित. नातेवाईक म्हणून आजीचं नाव, आणि ती हयात नाही. मग भाऊ म्हणून बाबा. दोघांच्या वडिलांचं नाव एकच आहे हे दाखवणारा शाळेचा पुरावा, आजी-आजोबांचे मृत्यूचे दाखले, बाबांचं आधार आणि नोटरीसमोरचं शपथपत्र. स्टँप, टायपिंग आणि नोटरी मिळून पाचशेच्या आत भागलं. आडनावाची जितकी स्पेलिंगं कागदोपत्री सापडली तितकी सगळी शपथपत्रात लिहून 'या सर्व एकाच व्यक्ती' असं म्हणून घ्या, पुढे फार उपयोग होतो. आजोबांच्या दाखल्यासाठी मात्र एका कार्यालयात बरेच हेलपाटे झाले. तिथल्या बाबूंनी फाइल बघितली, मान हलवली आणि अगदी सहानुभूतीने सांगितलं, "मॅडम, इतने साल बाद कुछ मिलेगा नहीं." त्यांना वाटलं मी पैशांसाठी आले आहे. पैसे नकोत म्हटल्यावर ते खरोखरच बुचकळ्यात पडले. मग नक्की हवंय काय, हे मलाही त्यांना धड सांगता आलं नाही.

बाळकाकाचा शाळेचा दाखला काढायला त्याच्या जुन्या शाळेत गेले. शाळा अजून आहे. तेव्हा मराठी माध्यमाची होती, आता हिंदी आणि इंग्रजी. दाखिल-खारिज रजिस्टर बांधून कपाटावर ठेवलेलं होतं, शिपायाने शिडी लावून काढलं. वाट बघताना मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या जुन्या फोटोंकडे बघत बसले आणि क्रिकेट टीमच्या एका फोटोत तो मधल्या खुर्चीवर दिसला, बॅट गुडघ्यांवर आडवी धरलेला. खाली इंग्रजीत नाव आणि कंसात 'कॅप्टन'. होळकरांच्या टीमने चारदा रणजी करंडक जिंकलेलं हे गाव. पन्नाशीच्या दशकात इथे शाळेच्या टीमचा कॅप्टन म्हणजे गल्लीतही कॅप्टन. बाबांना फोन करून सांगितलं. बराच वेळ ते काही बोलले नाहीत आणि मग हसायलाच लागले. "हो गं, कॅप्टन, कॅप्टन अशाच हाका मारायची पोरं खालून." पलटणीत गेल्यावर त्या हाकेचा हुद्दा कधी झाला ते कुणालाच कळलं नाही. आत्याला कळवलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे होताच की कॅप्टन." आणि तिने तो विषय संपवला.

मे महिन्यात दिल्लीचं उत्तर आलं. दोन पानं. कमिशन १९६४, हुद्दा सेकंड लेफ्टनंट, मृत्यू १४ सप्टेंबर १९६५, सियालकोट विभाग. तारेत १५ तारीख होती, कमांडिंग ऑफिसरच्या पत्रात १४. हा एका दिवसाचा घोळ घरात इतकी वर्षं होता, पण त्यावरून कधी वाद झाला नाही, कारण आजीने त्याचं श्राद्ध तिथीला केलंच नाही. पंचांगात भाद्रपद वद्य चतुर्दशीला 'शस्त्रादिहत पितृश्राद्ध' असतं, शस्त्राने मेलेल्यांचं. ती दरवर्षी त्या दिवशी पान वाढायची, पुढे बाबांनी तेच चालवलं. बाबा म्हणाले, चतुर्दशी चालू राहील.

त्या भागात काय झालं ते मी आता वाचलं. आपल्या पहिल्या कोअरने (कोअर म्हणजे अनेक डिव्हिजनची मोठी फौज) ७-८ सप्टेंबरच्या रात्री सियालकोट विभागात सरहद्द ओलांडली. ११ तारखेला फिलोरा घेतलं, पुढे चविंडाभोवती रणगाड्यांची लढाई युद्धबंदीपर्यंत चालू राहिली. युद्धबंदी २३ सप्टेंबरच्या पहाटे साडेतीनला. १० जानेवारी १९६६ला ताश्कंद करार झाला आणि फेब्रुवारी संपेपर्यंत दोन्हीकडची फौज आपापल्या जागी परतली, घेतलेला मुलूख परत दिला गेला. काका जिथे पडला आणि जिथे त्याला अग्नी दिला ती शेतं आता पाकिस्तानात आहेत. घरी अस्थी का आल्या नाहीत, कुणी तिकडे का गेलं नाही, याचं उत्तर नकाशावर होतं आणि आम्ही ते आजीच्या स्वभावात शोधत होतो.

दरम्यान पलटणीलाही लिहिलं होतं. पत्ता रेजिमेंटल सेंटरचा, पाकिटावर पलटणीच्या कमांडिंग ऑफिसरच्या नावे, सोबत क्रमांक आणि फोटोची प्रत. अपेक्षा काही नव्हती. एका संध्याकाळी ॲडज्युटंटचा, म्हणजे कमांडिंग ऑफिसरच्या मदतनीस अधिकाऱ्याचा, फोन आला, आवाजावरून पंचविशीतला मुलगा. आपला वीरगतीचा फलक त्याने वाचून दाखवला, त्यात बाळकाकाचं नाव होतं. मग जरा अडखळत म्हणाला की त्यांच्याकडे १९६५च्या सगळ्यांचे फोटो आहेत, फक्त यांचाच नाही, तर आम्ही पाठवलेला फोटो मोठा करून लावला तर चालेल का? चालेल म्हटलं. चांगल्या दुकानातून स्कॅन करून पाठवला. हे मला सगळ्यात उपयोगी वाटलं, म्हणून ठासून सांगते: सरकारी अर्ज करा, ते हवेच, पण पलटणीला साधं पत्र लिहाच. फायलीत नसतं ते तिथे असतं.

त्यानेच सांगितलं की त्या काळचे एक अधिकारी महूला राहतात. महू! आमच्या घरापासून तासाभराच्या वाटेवर. इन्फंट्री स्कूलपासून वॉर कॉलेजपर्यंत सगळं तिथे आहे, आणि कित्येक अधिकारी निवृत्तीनंतर तिथेच घर करतात. आम्ही महूला सहलीला जायचो, पाताळपाणीचा धबधबा बघून परत यायचो, आणि हे गृहस्थ तीसेक वर्षं तिथे आपल्या बागेत बसलेले होते.

जूनमध्ये त्यांनी भेटायला बोलावलं. बाबांना सोबत न्यायचं की नाही यावर घरात वाद झाला. शेवटी मी एकटी गेले. कर्नलसाहेब पंच्याऐंशीच्या पुढचे, कानाला यंत्र, पण ताठ. सुरुवातीलाच म्हणाले की खरं सांगायचं तर मला तो नीट आठवत नाही. दोन नवे मुलगे एकदमच आले होते आणि माझ्या डोक्यात त्यांचे चेहरे एकात एक झाले आहेत. इतक्या दिवसांच्या खटपटीनंतर हे ऐकून मी मनातून खचलेच. मग मी फोटो दिला. तो घेऊन ते खिडकीशी गेले, बराच वेळ बघत राहिले. "हाँ. इंदौर वाला. इसके घर से सेंव आती थी." आजी डबा पाठवायची आणि मेसमध्ये पोचल्यावर तो दहा मिनिटं टिकायचा नाही, म्हणाले.

त्यांना कमांडिंग ऑफिसरचं पत्र दाखवलं. त्यात एक वाक्य होतं, ते आजोबांनी लाल पेन्सिलीने अधोरेखित केलेलं: त्याला वेदना झाल्या नाहीत, मृत्यू तत्क्षणी आला. कर्नलसाहेबांनी वाचलं, घडी घालून परत दिलं आणि म्हणाले, "हम सब चिट्ठी में यही लिखते थे, बेटी." मी विचारलं, मग खरं काय? त्यांनी उलट मला विचारलं, हे ऐकायचंय कुणाला, तुम्हाला की तुमच्या वडिलांना? मी म्हटलं, दोघांना.

दुपारी गोळ्याचे तुकडे पोटात लागले. रेजिमेंटल एड पोस्टवर, म्हणजे पलटणीच्या प्रथमोपचाराच्या ठाण्यावर आणला, तिथून मागे हलवायला गाडी नव्हती, रस्त्यावर मारा चालू होता. संध्याकाळपर्यंत शुद्धीत होता. पाणी मागत होता. पोटाची जखम, म्हणून डॉक्टर देत नव्हते, ओठ ओले करत होते. कर्नलसाहेब स्वतः थोडा वेळ जाऊन आले होते. बाकी पूर्ण वेळ एक नर्सिंग असिस्टंट जवळ बसून होता, त्याचं नाव त्यांना आठवेना आणि त्याचं त्यांना फार वाईट वाटलं. दुसऱ्या सकाळी अग्नी दिला. एका दिवसाचा घोळ तिथूनच आला असावा.

परतताना रस्ताभर मी ठरवत होते की बाबांना यातलं किती सांगायचं. शहाण्या लोकांनी मला नंतर सांगितलं की म्हाताऱ्या माणसाला हे सांगायचं नसतं. तुमच्या घरचं तुम्ही ठरवा. मी सगळं सांगितलं, पाण्याचंसुद्धा. बाबांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे कुणीतरी होतं जवळ?" हो म्हटलं. "मला साठ वर्षं वाटत होतं की तो एकटाच पडला कुठेतरी." तत्क्षणी मरण आलं या वाक्याचा आधार आजोबांना झाला असेल, बाबांना त्यातला एकटेपणा खात होता, हे मला तोवर माहीतच नव्हतं. त्या रात्री ते व्यवस्थित जेवले.

दिल्लीला नोव्हेंबर २०२४मध्ये गेलो. उन्हाळ्यात म्हाताऱ्या माणसांना तिथे नेऊ नका, सावली कमी आहे. मालवा एक्सप्रेस घेतली, कारण ती ग्वाल्हेरवरून जाते आणि आत्याला रात्री तिथे चढता आलं. बाबांसाठी व्हीलचेअर घरूनच नेली होती. प्रवेश मोफत. स्मारक चार चक्रांचं आहे: मधोमध ज्योत असलेलं अमर चक्र, मग वीरता चक्र, त्याग चक्र आणि बाहेर झाडांचं रक्षक चक्र. नावं त्याग चक्रात आहेत, चक्रव्यूहासारख्या गोल भिंतींवर, प्रत्येकाला ग्रॅनाइटची एकेक वीट. आधी तिथल्या पॅनेलवर नाव काढून जागा टिपून घ्या, नाहीतर भिंतींमध्ये फिरत राहाल. आमची वीट बाबांच्या हाताला येईल अशी नव्हती. माझ्या मुलाने हात लावून दाखवली आणि बाबांनी खालून वाचली, आधी मनात, मग मोठ्याने, क्रमांकासकट. आत्याने पर्समधून चष्मा काढला, शेजारच्या विटांवरची नावंही एकेक करून वाचली आणि म्हणाली, "ह्यांच्याकडचे कुणी येत असतील का?" तिथे ड्यूटीवर असलेल्या जवानाला तिने आम्ही कुणाचे ते सांगितलं. त्याने कडक सलाम केला, तो तिने इतका मनावर घेतला की अजून सांगते.

शाळेतला फलक त्यामानाने सोपा. व्यवस्थापन समितीला अर्ज, सोबत दिल्लीच्या उत्तराची प्रत, मजकुराचा खर्डा, खर्च आमचा. दोन बैठका होईपर्यंत थांबावं लागलं. काळा ग्रॅनाइट, कोरीव अक्षरं, बसवणी धरून साडेअकरा हजार. कारागिराला मजकूर हाताने लिहून देऊ नका. टाइप करून, छापून, त्यावर त्याची सही घ्या आणि कोरण्याआधी कागदी नमुना भिंतीवर लावून वाचा. हुद्द्यावरून घरात पुन्हा एकदा चर्चा झाली. फलकावर 'सेकंड लेफ्टनंट' कोरलं आणि खाली, मुख्याध्यापकांच्याच सूचनेवरून, 'शाळेच्या क्रिकेट संघाचा कॅप्टन'. १४ सप्टेंबर २०२५ला रविवार होता, म्हणून शनिवारी सकाळी मुलांच्या समोर लावला. त्या निमित्ताने पलटणीने एक सुभेदारसाहेब पाठवले. भाषणं कमी ठेवा असं आम्ही सुचवलं होतं, ते काही कुणी ऐकलं नाही.

एक काम बाकी आहे. संरक्षण मंत्रालयाने जून २०२१मध्ये जुन्या युद्धांच्या नोंदी खुल्या करण्याचं धोरण आणलं; साधारण पंचवीस वर्षांनंतरचे कागद तपासून राष्ट्रीय अभिलेखागाराकडे द्यायचे, असं त्यात आहे. त्या आधारावर पलटणीच्या सप्टेंबर १९६५च्या वॉर डायरीसाठी, म्हणजे युद्धातल्या रोजच्या नोंदवहीसाठी, अर्ज टाकला आहे. कर्नलसाहेबांना आठवलं नाही ते नर्सिंग असिस्टंटचं नाव त्यात असण्याची शक्यता कमी, पण एड पोस्टची काही नोंद असू शकते. उत्तर आलं की इथेच खाली लिहीन.